बाळाच्या डोळ्यातली पांढरी चमक

लहान बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरट चमक दिसू लागली, तर ती बहुतेक वेळा आधी आईलाच दिसते. दिवसभर दिसते असंही नाही. दिवेलागणीच्या सुमारास घरातला उजेड कमी होतो, बाहुली मोठी होते, आणि मांडीवरच्या बाळाच्या डोळ्यात दारातून आलेला उजेड एका विशिष्ट कोनातून शिरला की आत क्षणभर काहीतरी लकाकतं. बाळानं मान वळवली की चमक गेली. सावनेर-कळमेश्वरकडची आई सांगते, ‘पोराचा डोया मांजरीवानी चमकते.’ घरातल्या जाणत्यांना दाखवावं, तर तोवर डोळा नेहमीसारखा काळाभोर. कुणी म्हणतं तुला भास झाला, कुणी म्हणतं दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात. बाळ खेळतंय, दूध पितंय, ताप नाही, रड नाही. दुखत नाही म्हणून घाईही नाही.

या चमकेमागे कारणं अनेक असू शकतात. जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला होणारा पडद्याचा आजार असू शकतो, क्वचित जंतांचा संसर्गही असतो. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये निरोगी डोळाही कधीकधी तिरका बघताना पांढरा दिसतो. पण एक कारण असं आहे की ज्याला थांबायला वेळ नसतो: रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात होणारा लहान मुलांचा कर्करोग. दर १५ ते १८ हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. भारतात दरवर्षी दीड हजारांच्या आसपास नवी मुलं या आजाराची असतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. बहुतेकांना तो पाच वर्षांच्या आत होतो. दोन्ही डोळ्यांत असला तर साधारण वर्षाच्या सुमारास लक्षात येतो, एकाच डोळ्यात असला तर दोन वर्षांच्या. उपचार झाले नाहीत तर गाठ डोळ्याच्या नसेतून मेंदूकडे सरकते, हाडांच्या मगजात जाते आणि मूल दगावतं. डोळ्याच्या आत असतानाच पकडली तर मात्र चांगल्या केंद्रांत शंभरातली पंचाण्णवांहून अधिक मुलं वाचतात. कर्करोगांच्या जगात इतकं स्पष्ट आश्वासन फार थोड्या आजारांत देता येतं.

या आजाराचा जगभरचा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. १५३ देशांतल्या ४,३५१ मुलांच्या नोंदी त्यात होत्या. श्रीमंत देशांत निदानाच्या वेळी मुलाचं मध्यम वय होतं १४ महिने; सगळ्यात गरीब देशांत साडेतीस महिने. श्रीमंत देशांत गाठ डोळ्याबाहेर पसरलेली मुलं होती शंभरात दीड. गरीब देशांत शंभरात एकोणपन्नास. आजार तोच, गाठ तीच, वाढण्याचा वेगही तोच. मधले सोळा महिने कुठे जातात, हे शोधायचं तर न्यूयॉर्क-लंडनच्या प्रयोगशाळांपेक्षा सावनेरसारख्या गावाकडे आधी बघावं लागतं.

सावनेर हे नागपूरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवरचं तालुक्याचं गाव. मराठी वाचकाला ते राम गणेश गडकऱ्यांमुळे ठाऊक असतं. २३ जानेवारी १९१९ रोजी गडकरी इथेच गेले. आजचं सावनेर म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी, कापूस, संत्री आणि छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता. पलीकडे मध्य प्रदेशातलं सौंसर. दवाखान्यांच्या दृष्टीनं हे आडरान नाही. तासाभरात नागपूर गाठता येतं, आणि नागपुरात काय नाही? मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानात एम्स आहे, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. डोळ्यांचे नावाजलेले दवाखानेही आहेत. इतकंच कशाला, सावनेरला लागून असलेल्या कळमेश्वर तालुक्यातल्या गावांनी नेत्रविज्ञानाच्या जगात स्वतःची जागा केलेली आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे योस्ट योनास यांनी २००६ ते २००८ या काळात तिथे तीस वर्षांवरच्या ४,७११ ग्रामस्थांचे डोळे तपासले. ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या नावानं त्या तपासणीवरचे कितीतरी शोधनिबंध जगभरच्या नियतकालिकांत आले. काचबिंदूपासून डोळ्याच्या लांबीपर्यंत अनेक प्रश्नांवर जगातले तज्ज्ञ आज या खेड्यांचे आकडे वापरतात. म्हणजे विज्ञानाला विदर्भाच्या खेड्यात जाता येतं, हे सिद्ध झालेलं आहे. त्या अभ्यासात बाळं नव्हती, एवढाच काय तो फरक.

मग बाळाच्या बाबतीत अडतं कुठे? बहुतेक वेळा पहिल्या पायरीवर. चमक बघून आई गावच्या डॉक्टरकडे जाते. तो टॉर्च मारून बघतो. टॉर्चच्या उजेडात बाहुली आक्रसते आणि आतलं काही दिसत नाही. डोळा लाल असेल तर थेंब मिळतात. डोळा तिरळा वाटत असेल (चमकेनंतर सर्वाधिक आढळणारं दुसरं लक्षण तेच आहे) तर ‘मोठा झाला की जाईल’ असं सांगितलं जातं. घरात तिरळेपणा नशिबाचा भाग समजला जातो, काही ठिकाणी तर शुभसुद्धा. असे दोन-चार महिने सहज जातात. त्यात सोयाबीन काढणी येते, कापूस वेचणी येते, कुणाचं लग्न येतं. गाठीला यातलं काही ठाऊक नसतं.

खरी तपासणी काही अवघड नाही. खोलीत अंधार करायचा, हातभर अंतरावरून ऑफ्थॅल्मोस्कोप नावाच्या हातात मावणाऱ्या दुर्बिणीचा मंद उजेड बाळाच्या दोन्ही डोळ्यांवर एकदम टाकायचा आणि दोन्ही बाहुल्यांत परत येणारा रंग बघायचा. निरोगी डोळ्यातून तांबूस उजेड परततो. आपल्याकडच्या सावळ्या बाळांमध्ये तो गोऱ्या बाळांइतका लालभडक नसतो, विटकरी-तपकिरीकडे झुकतो. नवख्या डॉक्टरला तेवढ्यानंही शंका येते. म्हणून बघायचा तो दोन डोळ्यांतल्या रंगांतला फरक. एकीकडे विटकरी आणि दुसरीकडे पांढरट किंवा काळपट, तर बाळाला त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचं. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम.

पुढची पायरीही नागपुरात होऊ शकते. सोनोग्राफीत गाठीच्या आत चुन्याचे कण चमकताना दिसले की निदान बरंचसं पक्कं होतं. इथे एक मोठा धोका असतो. पांढरी बाहुली बघून जन्मजात मोतीबिंदू समजून शस्त्रक्रिया केली आणि मागे गाठ निघाली, तर जो कर्करोग डोळ्यात बंदिस्त होता त्याला बाहेरची वाट मिळते. म्हणून बाळाच्या पांढऱ्या बाहुलीला सोनोग्राफीशिवाय चाकू लावायचा नाही, हा नियम बालनेत्रतज्ज्ञ डोळ्यात तेल घालून पाळतात. याच कारणानं या आजारात सुईनं तुकडा काढून तपासण्याची पद्धत नाही. शरीरातल्या बाकी जवळपास प्रत्येक गाठीचं निदान तुकड्यावरून होतं. या गाठीचं बघूनच करावं लागतं. बघणाऱ्याचा अनुभव इथे सर्वस्व असतो.

आणि अनुभव हा रुग्णांच्या संख्येतून येतो. वर्षाला दोन-तीन मुलं बघणाऱ्या नेत्रतज्ज्ञाचा हात या आजारात कितीसा तयार होणार? विदर्भातलं मूल म्हणून शेवटी हैदराबादला जातं नाहीतर मुंबईला. काही चेन्नईला, काही दिल्लीच्या एम्सच्या राजेंद्र प्रसाद नेत्रकेंद्रात. हैदराबाद नागपूरहून पाचशे किलोमीटर. २०२४ पासून सिकंदराबादला वंदे भारतही जाते. तिथली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था डॉ. गुल्लापल्ली राव यांनी १९८७ च्या सुमारास सुरू केली आणि ज्याला परवडत नाही त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे धोरण पहिल्यापासून ठेवलं. डॉ. संतोष होनावर यांनी तिथे नेत्रकर्करोगाचा विभाग उभा केला. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्स आय हॉस्पिटलमध्ये, कॅरल आणि जेरी शील्ड्स या पतिपत्नींच्या हाताखाली ते शिकले होते. पुढे त्यांनी हैदराबादच्याच सेंटर फॉर साइटमध्ये काम सुरू केलं; २००९ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. एल. व्ही. प्रसादमध्ये आता डॉ. स्वाती कलिकी यांचा गट आहे. २०१९ मध्ये या गटानं आपल्याकडच्या १,४५७ मुलांच्या, म्हणजे २,०७४ डोळ्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आकड्यांकडे नीट बघा: सहाशेहून अधिक मुलांच्या दोन्ही डोळ्यांत आजार होता. एवढा अनुभव जगातल्या मोजक्याच ठिकाणी आहे, आणि त्यातलं एक ठिकाण सावनेरच्या आईपासून एका रात्रीच्या गाडीवर आहे, ही मला या सगळ्या विषयातली सगळ्यात धीर देणारी गोष्ट वाटते.

अशा केंद्रात गेल्यावर काय होतं? सकाळी उपाशीपोटी बाळाला आत नेतात, भूल देतात. थेंबांनी बाहुली पूर्ण मोठी केलेली असते. पापण्या तारेच्या चिमट्यानं उघड्या धरतात. डॉक्टर डोक्यावर दिवा बांधून, हातात भिंग धरून पडद्याचा कोपरान् कोपरा बघतात; बोथट टोकाच्या दांडीनं डोळा बाहेरून किंचित दाबून कडेचा भाग आत आणतात, कारण बारीकशी दुसरी गाठ तिथेच लपलेली असते. दोन्ही डोळे बघतात, आजार एकाच डोळ्यात वाटत असला तरी. प्रत्येक गाठीचा फोटो, मोजमाप, नकाशा. मग आजाराचा गट ठरतो, ‘ए’पासून ‘ई’पर्यंत. नस आणि मेंदू बघायला एमआरआय करतात. सीटी स्कॅन शक्यतो टाळतात, कारण या मुलांतल्या काहींना क्ष-किरणांचा पुढे जास्त त्रास होऊ शकतो. का, ते पुढे येईलच.

उपचारांचा पसारा गेल्या तीस वर्षांत फार बदलला. आधी सरसकट डोळा काढत, नाहीतर बाहेरून शेक, म्हणजे किरणोपचार, देत. आता लहान गाठींना लेझर किंवा गोठवणं, मोठ्यांना आधी केमो: व्हिनक्रिस्टिन, इटोपोसाइड आणि कार्बोप्लॅटिन, दर तीन-चार आठवड्यांनी, बहुधा सहा वेळा. गाठ आकसली की लेझर. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड अब्रॅमसन आणि पिएर गोबिन यांनी २००६ मध्ये मांडीच्या रोहिणीतून केसाइतकी नळी थेट डोळ्याच्या रोहिणीपर्यंत नेऊन मेल्फालान हे औषध सोडायला सुरुवात केली. मूळ कल्पना जपानच्या अकिहिरो कानेको यांची. औषध साऱ्या अंगात जाण्याऐवजी जवळपास एका डोळ्यातच जातं. भारतातल्या मोठ्या केंद्रांत आता हे होतं, पण त्यासाठी नेत्रतज्ज्ञाबरोबर मेंदूच्या रक्तवाहिन्यांत नळी घालणारा कुशल डॉक्टर, बालकर्करोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ एका छताखाली लागतात. म्हणूनच ‘केंद्र’ लागतं, सुटा डॉक्टर पुरत नाही.

आणि तरीही काही मुलांचा डोळा काढावाच लागतो. इथे सगळ्यात जास्त घरं मोडून पडतात. डॉक्टर म्हणतात, डोळा काढू, मूल वाचेल. बाप म्हणतो, दुसरीकडे दाखवून येतो. मग तो कुठल्या तरी बाबाकडे, जडीबुटीवाल्याकडे जातो, किंवा नुसताच घरी परततो. मुलगी असेल तर ‘पुढं लग्न कसं होईन’ हा प्रश्न आजीपासून आत्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी. भारतात या आजारानं दगावणाऱ्या मुलांमध्ये डोळा काढायला नकार देऊन परत गेलेल्यांचा वाटा मोठा आहे, हे इथल्या जवळपास प्रत्येक केंद्रानं नोंदवलेलं आहे. त्या बापाला दोष देणं मला जमत नाही. तान्ह्या लेकराचा डोळा काढायची परवानगी देणाऱ्या कागदावर अंगठा उमटवणं हे कुठल्याच माणसाला सोपं नसतं. पण त्याला कुणीतरी बसवून सांगायला हवं, की त्या डोळ्याला बहुधा आधीच दिसत नाही. की डोळा काढल्यावर खोबणीत गोळा बसवून त्याला डोळ्याचे स्नायू जोडतात. की सहाएक आठवड्यांनी वर बसवलेला ॲक्रिलिकचा डोळा दुसऱ्या डोळ्याशी रंग जुळवून हातानं रंगवलेला असतो, हलतोही, आणि शाळेत शेजारी बसणाऱ्या पोरालाही पटकन कळत नाही. असं सांगायला सगळ्यात योग्य माणूस म्हणजे जिचं मूल यातून गेलं आहे अशी दुसरी आई. मोठ्या केंद्रांत ही ओळख हेतुपुरस्सर घडवून आणतात. सावनेरमध्ये ती कोण घडवणार?

डोळा काढल्यावर काम संपत नाही. एका अर्थानं तिथेच सुरू होतं. काढलेल्या डोळ्याबरोबर नसेचा लांब तुकडा यायला हवा, पंधरा मिलीमीटर तरी. विकृतिशास्त्रज्ञ आधी त्या नसेच्या कापलेल्या टोकाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली घालतो: गाठ तिथवर पोचली आहे का? मग डोळा उभा चिरून गाठ रक्तवाहिन्यांच्या थरात किती खोल गेली ते मोजतो. या काही मिलीमीटरांवरून पुढे केमो द्यायची की नाही ते ठरतं. होनावर यांनी शील्ड्स दांपत्याबरोबर २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास जगभर उद्धृत होतो: धोक्याची लक्षणं सापडलेल्या मुलांना डोळा काढल्यावर केमो दिली नाही, तर शंभरातल्या चोवीसांत आजार शरीरात पसरला, दिली तेव्हा चारांत. म्हणजे डोळा काढून तपासणी न करताच घरी पाठवलेलं मूल वाचलंच, असं धरून चालता येत नाही.

आता रेणूंच्या पातळीवरच्या संशोधनाकडे येतो, कारण हा आजार साऱ्या कर्करोगशास्त्राचा पाया आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला आल्फ्रेड नडसन नावाच्या डॉक्टरांनी ४८ मुलांच्या जुन्या नोंदी समोर घेतल्या. प्रयोगशाळेत पाऊल न टाकता, केवळ वयं आणि गाठींची संख्या मांडून त्यांनी एक तर्क केला. प्रत्येक पेशीत एका जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत चालू असेल तोवर पेशी ताब्यात राहते. दोन्ही बिघडल्या की गाठ होते. ज्या बाळाच्या साऱ्या शरीरात एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असते, त्याला दुसरा एकच बिघाड पुरतो. म्हणून त्याला लवकर, दोन्ही डोळ्यांत आणि अनेक गाठी होतात. ज्याच्या दोन्ही प्रती धड असतात त्याच्या एकाच पेशीत दोन्ही बिघाड घडावे लागतात. म्हणून उशिरा, एकाच डोळ्यात, एकच गाठ. पंधरा वर्षांनी, १९८६ मध्ये, बॉस्टनला थॅडियस ड्रायजा, स्टीफन फ्रेंड आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या गटानं ते जनुक प्रत्यक्ष वेगळं केलं: तेराव्या गुणसूत्रावरचं ‘आरबी-१’. कर्करोग रोखून धरणारं जनुक माणसाच्या हाती लागण्याची ही पहिली वेळ.

या शोधाची फळं डोळ्यापुरती राहिली नाहीत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण असलेला एचपीव्ही विषाणू पेशीत शिरून जे करतो त्यातलं एक मुख्य काम म्हणजे आरबी प्रथिन निकामी करणं. हे १९८९ मध्ये कळलं. स्तनाच्या कर्करोगावर २०१५ पासून वापरात आलेली पाल्बोसिक्लिबसारखी औषधं याच प्रथिनाला पुन्हा कामाला लावतात. आज महाराष्ट्रातली एखादी बाई ती गोळी घेत असेल, तर तिच्या उपचाराचं मूळ कुठल्या तरी तान्ह्या मुलाच्या डोळ्यातल्या गाठीत आहे.

पण सावनेरच्या घराला या जनुकाचं काय? खूप काही. अशा मुलांपैकी साधारण चाळीस टक्क्यांत बिघाड साऱ्या शरीरात असतो. म्हणजे तो मुलाच्या पुढच्या पिढीत जाऊ शकतो, दर मुलामागे निम्मी शक्यता. आणि ज्याच्यात गेला त्याला आजार होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर. शिवाय अशा मुलाला पुढे हाडांचा किंवा मऊ उतींचा कर्करोग होण्याचा धोका जास्त असतो, आणि शेक दिला असेल तर तो आणखी वाढतो. सीटी स्कॅन टाळतात ते याचसाठी. एकाच डोळ्यात आजार असलेल्या मुलांतही सुमारे पंधरा टक्क्यांत बिघाड साऱ्या शरीरात असतो, आणि वरून ते ओळखू येत नाही.

तपासणी मात्र किचकट आहे. आरबी-१ हे २७ तुकड्यांचं मोठं जनुक आहे आणि बिघाड त्यात कुठेही असू शकतो. ठरावीक जागा नाही. एका डोळ्याचा आजार असलेल्या मुलाचं नुसतं रक्त तपासून ‘काही सापडलं नाही’ असं आलं, तर त्यावर पूर्ण विसंबता येत नाही. आधी गाठीतले दोन्ही बिघाड कोणते ते शोधायचे आणि मग नेमके तेच रक्तात आहेत का ते बघायचं, ही पक्की पद्धत. त्यासाठी डोळा काढला त्याच दिवशी, तो फॉर्मॅलिनच्या बरणीत जाण्याआधी, गाठीचा ताजा तुकडा बाजूला गोठवून ठेवावा लागतो. ती संधी एकदाच येते. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात डॉ. एस. कृष्णकुमार यांच्या नेतृत्वाखाली नेत्रविकृतिशास्त्र विभागानं या आजाराच्या रेणूशास्त्रावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. बेंगळुरूच्या नारायण नेत्रालयात, मदुराईच्या अरविंदमध्येही जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत. टोरांटोच्या ब्रेंडा गॅली यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की अगदी थोड्या मुलांत आरबी-१ दोन्ही प्रतींत शाबूत असतं आणि ‘एमवायसीएन’ हे दुसरंच जनुक उधळलेलं असतं. त्या गाठी फार लहान वयात आणि फार वेगानं वाढतात. लॉस एंजेलिसच्या जेसी बेरी यांच्या गटानं २०१७ पासून डोळ्याच्या पुढच्या भागातल्या थेंबभर पाण्यात गाठीचा डीएनए शोधायला सुरुवात केली. गाठीला हात न लावता तिची प्रकृती कळण्याची ही पहिली वाट.

महाराष्ट्राचा या विज्ञानात स्वतःचा वाटा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. काही गाठींवर बाहेरून किरणोत्सारी चकती शिवून ठेवतात; काही दिवसांत ठरलेला डोस गेला की काढून घेतात. किरण काही मिलीमीटरच आत जातात, बाकी डोळा आणि चेहरा वाचतो. ही चकती परदेशातून आणावी लागे आणि परवडत नसे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं अणुइंधनाच्या टाकाऊ द्रवातून रुथेनियम-१०६ वेगळं काढून, चांदीवर बसवून देशी चकती बनवली. २०२० पर्यंत ती हैदराबादच्या सेंटर फॉर साइटमध्ये आणि दिल्लीच्या एम्समध्ये वापरात आली होती. त्याआधी भाभा केंद्राचेच आयोडीन-१२५ चे बारीक दाणे शंकर नेत्रालयानं वापरले होते. या बारीकशा चकतीनं कुणाचा तरी डोळा वाचतो, आणि ती मुंबईत बनते.

मोठ्यांच्या डोळ्यांच्या कर्करोगाबद्दल दोनच गोष्टी, कारण त्या सावनेरच्या शिवारात उपयोगी पडतील. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या डोळ्यात वडस वाढतो, तो बहुतेक वेळा साधा असतो. पण खडबडीत, पांढरट, फुलासारख्या रक्तवाहिन्यांचा आणि झपाट्यानं वाढणारा असेल तर तो बुबुळाच्या कडेचा कर्करोग असू शकतो. वेळेत आला तर इंटरफेरॉन किंवा फ्लुरोयुरासिलच्या थेंबांनीच अनेकदा विरघळतो. दुसरं, पन्नाशी-साठीच्या माणसाला एकाच पापणीवर त्याच जागी पुन्हा पुन्हा रांजणवाडी येत असेल आणि तिथल्या पापणीचे केस गळत असतील, तर ती रांजणवाडी कापून टाकून देऊ नये, तपासायला पाठवावी. पापणीच्या तेलग्रंथींचा कर्करोग पाश्चात्त्य देशांत दुर्मीळ आहे. आपल्याकडे पापणीच्या कर्करोगांत त्याचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो.

पुन्हा मुलाकडे. मुंबईला टाटा मेमोरियलला गेलेलं वऱ्हाडचं कुटुंब बहुधा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतं, नाहीतर परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात, किंवा २००६ पासून सुरू असलेल्या सेंट ज्यूड्सच्या केंद्रात. अमरावतीच्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आज विदर्भाच्या कितीतरी लेकरांचं उपचारांच्या काळातलं घर असते. केमोच्या चकरा सहा महिने चालतात, त्यानंतर भुलेखालच्या तपासण्या काही वर्षं. घरची मजुरी बुडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबत्याला पाऊण. पण त्या सवलतीसाठी दवाखान्याचा दाखला लागतो, आणि दाखला निदान झाल्यावर मिळतो. पहिला, सगळ्यात महत्त्वाचा प्रवास आईबाप पदरच्या पैशानं करतात. या पहिल्या प्रवासाचे पैसे जिल्हा परिषदेनं किंवा एखाद्या संस्थेनं कसलेही प्रश्न न विचारता द्यावेत, असं मला मनापासून वाटतं. वर्षाला जिल्ह्यात अशी मुलं किती असणार? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आणि चमक टिपण्याची यंत्रणा नव्यानं उभी करायलाच नको. ती गावात आहे. आशाताई नवजात बाळाला पहिल्या बेचाळीस दिवसांत घरी जाऊन बघते. नंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात तिच्या भेटी ठरलेल्या आहेत. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर आणि मग सोळा ते चोवीस महिन्यांत. ही सगळी वयं या आजाराच्या वयाशी अक्षरशः जुळतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. जन्मजात मोतीबिंदू त्याच्या यादीत आहे आणि तो शोधायची पद्धत हीच, बाहुलीतला रंग बघायची. लसीच्या प्रत्येक भेटीत आशाताईनं आईला एकच विचारावं: ‘बाळाच्या डोळ्यात कधी पांढरं चमकताना दिसलं का? डोळा वाकडा होतो का?’ हो म्हटलं तर ‘बघू पुढच्या वेळी’ नाही; त्याच आठवड्यात सावनेरच्या ग्रामीण रुग्णालयात, आणि तिथून नागपूरला. ग्रामीण रुग्णालयाच्या लसीकरणाच्या खोलीशेजारी एक अंधारी खोली आणि चालू सेलचा ऑफ्थॅल्मोस्कोप असला की झालं. आईचं निरीक्षण हीच या आजाराची पहिली तपासणी आहे, आणि आज आपण तीच सगळ्यात आधी झटकून टाकतो.

हैदराबाद किंवा चेन्नईहून जनुकाचा अहवाल येतो, तो इंग्रजीत असतो आणि बहुधा फायलीत राहतो. त्या घरात पुढचं बाळ होणार असेल तर तोच कागद सगळ्यात मोलाचा आहे. थोरल्या भावंडाचा बिघाड नेमका माहीत असेल तर नव्या बाळाच्या नाळेच्या रक्तातून तो आहे की नाही ते सांगता येतं. बिघाड नसेल तर त्या बाळाला पुढची वर्षं दर काही आठवड्यांनी भूल देऊन डोळे तपासायची गरज नाही. असेल तर पहिल्याच आठवड्यात डोळे बघायचे आणि नंतर ठरलेल्या अंतरानं बघत राहायचं. तेव्हा सापडलेली गाठ मोहरीएवढी असते, लेझरनं जाते, आणि बाळाचे दोन्ही डोळे राहतात. एक डोळा गमावून मोठी झालेली मुलगी उद्या लग्न करून सौंसरला किंवा काटोलला गेली, तर हा कागद तिच्याबरोबर तिच्या सासरी आणि तिच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात जायला हवा. कागद मराठीत असावा, त्यावर काय करायचं ते चार ओळींत असावं, आणि त्याची एक प्रत आशाताईच्या नोंदवहीला जोडलेली असावी.